वेलीला रकाना नाही

शिकेकाई दळून आणणं हे आमच्या घरातलं सर्वांत नावडतं काम होतं आणि धाकटी म्हणून ते माझ्या वाट्याला यायचं. गिरणीवाले काका डब्याचं झाकण उघडायच्या आधीच वासावरून ओळखायचे. "सगळ्यांची दळणं उरकू देत, मग शेवटी घेतो," असं म्हणून डबा कोपऱ्यात सरकवायचे. त्यांचंही बरोबर होतं. शिकेकाईच्या मागून ज्याचे गहू पडतील त्याच्या घरी पोळ्या कडवट, आणि दळताना जो खकाणा उठतो त्यानं रांगेतली सगळी माणसं शिंकून हैराण. डब्यात नुसती शिकेकाई नसायची. आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचोरा, मूठभर मेथ्या, उन्हात कडक वाळवलेल्या संत्र्याच्या साली, असं आईचं ठरलेलं प्रमाण होतं. ते कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे आई गेल्यावर तेही गेलं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावून झालं की पातेल्यात उकळून कोमट केलेलं ते तपकिरी पाणी डोक्यावर यायचं आणि पाठोपाठ "डोळे मीट गं" अशी आईची हाक, जी नेहमी किंचित उशिरा पोचायची. उरलेलं पाणी मोरीत जात नसे. त्यात चांदीची निरांजनं आणि अत्तरदाणी बुडायची. आईची लग्नातली जरीची साडी वर्षातून एकदा शिकेकाईच्याच पाण्यात हलक्या हातानं खळबळून निघायची. सोड्यानं रेशमाचा जीव जातो, असं ती म्हणे. पुढं कॉलेजात कळलं, की शेंगेतली सॅपोनिनं पाण्यात फेस धरतात आणि मळ सोडवतात, शिवाय हे पाणी किंचित आम्लधर्मी असल्यानं धुण्याच्या सोड्यासारखं रेशमाला खात नाही. आईचं म्हणणं प्रयोगशाळेत न जाताच खरं ठरलं होतं.

हे वाचून मी आता 'शाम्पू फेका, शिकेकाईकडे वळा' असं सांगणार, असं कुणाला वाटलं असेल तर तसं काही नाही. मी स्वतः गेली वीसेक वर्षं बाटलीतलाच शाम्पू वापरते. नोकरीच्या सकाळी केसांतून शिकेकाईचा चोथा वेचत बसायला वेळ कुणाला आहे? माझी तक्रार वेगळी आहे. त्या बाटलीवर जिच्या शेंगेचं चित्र छापतात ती वेल आपल्या जंगलाच्या हिशेबात कुठंच नाही. आणि हिशेबात नसलेली गोष्ट तोडायला कुणाला विचारावं लागत नाही.

वेल म्हणाले खरी, पण शिकेकाई ही वेल असते हे मलाच चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. रिठ्याचं झाड असतं, हिरड्याचं असतं, तसं शिकेकाईचंही असेल असा माझा समज. भीमाशंकरच्या डोंगररांगेतल्या एका वाडीत मैत्रिणीबरोबर गेले होते, तिथल्या एका मावशींनी तो दूर केला. रानात ऐनाच्या झाडावर चढलेला गुंता दाखवून त्या म्हणाल्या, "ही बघा शिककाई." मी हात पुढं केला तर, "हात नका लावू ताई, ही धरून ठेवती."

आणि धरलंच तिनं. द्राक्षाला किंवा दुधी भोपळ्याला असतात तसे आधाराला गुंडाळणारे ताणे शिकेकाईला नसतात. तिची सगळी चढाई काट्यांवर. खोडावर तर काटे असतातच, पण संयुक्त पानाच्या मधल्या दांड्याच्या खालच्या अंगालाही असतात, आणि सगळे मागं वळलेले, गळासारखे. पुढं जाताना ओढणी सहज सरकते, मागं घ्यायला गेलं की अडकते. नेमक्या याच युक्तीनं ती झाडावर चढते. वाऱ्यानं फांदी पुढं सरकली की वेल पुढं जाते, मागं मात्र येत नाही. पान बाभळीसारखं बारीक पिसांचं. शेंग हिरवी असताना चांगली जाड आणि मांसल असते, वाळली की बियांच्या मधल्या जागा आक्रसून सुरकुततात आणि दुकानात दिसते तशी तांबूस होते. मावशींनी एक कोवळा शेंडा काट्यांपासून सोडवून माझ्या हातावर ठेवला. चावून बघितला तर आंबट. काही भागांत तो चटणीत किंवा चिंचेऐवजी घालतात.

वनस्पतिशास्त्रात तिला पूर्वी अकेशिया म्हणत. पुढं तो वनस्पतींचा गट फोडला गेला, अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे राहिलं आणि आपली शिकेकाई सेनेगालिया रुगाटा झाली. या उलथापालथीत एक गंमत झाली. आपला खैरही आता सेनेगालियाच. म्हणजे ज्याच्या लाकडासाठी रात्री ट्रक अडवले जातात, चौक्यांवर पास तपासले जातात, तो खैर आणि ही वेल सख्ख्या बहिणभावंडांसारखे. एकाच्या बुंध्यावर शिक्का, दुसरीच्या बुंध्यावर कोयता.

कोयता म्हटलं ते उगीच नाही. त्याच दिवशी परतताना मावशी एका जांभळापाशी थांबल्या. मनगटाएवढी जाड वेल जमिनीपासून हातभर उंचीवर तोडलेली होती. नुसती तोडलेली नव्हे, मधला दोन वीत तुकडा काढून टाकलेला, पुन्हा जोड लागू नये म्हणून. वरचा सगळा पसारा जांभळावर वाळलेल्या दोरखंडासारखा लोंबत होता, अर्धवट भरलेल्या शेंगांसकट. कुणी तोडली ते मावशींना माहीत नव्हतं. लागवडीच्या कामावरच्या मजुरांनी झाड मोकळं करायला तोडली असेल, किंवा काठी पोचत नाही म्हणून शेंगांसाठी कुणी वेलच खाली ओढायला गेलं असेल. दोन्ही शक्यता सारख्याच. तिथून पन्नास पावलांवर वृक्षलागवडीचा फलक होता. त्यावर हेक्टर लिहिले होते, रोपांची संख्या होती, प्रजातींची नावं होती. सगळी झाडं.

आपल्या कायद्यांची भाषाच झाडांची आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात वनउत्पादनाची जी व्याख्या आहे, तिच्यात 'झाड नसलेल्या वनस्पती' असा एक गट येतो आणि कंसात त्याचे घटक दिलेत: गवत, वेली, बोरू, शेवाळ. म्हणजे पाचपन्नास फूट चढणारी, मनगटाएवढ्या खोडाची वेल शेवाळाच्या पंगतीला. महाराष्ट्राच्या १९६४च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, चंदन, ऐन, किंजळ, जांभूळ अशी नावं आहेत. अख्ख्या यादीत वेल एकही नाही. देशाचं वनक्षेत्र मोजताना एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर झाडांचं छत्र १० टक्क्यांच्या वर आहे का ते पाहतात, आणि जंगलातल्या साठ्याचा अंदाज करताना छातीच्या उंचीवर १० सेंटिमीटरहून जाड झाडं मोजतात. उपग्रहाला वरून जी हिरवाई दिसते तिच्यात वेलीची पानंही असतातच, पण ती जमा होतात झाडाच्या खात्यावर. २०१६ साली १ जुलैला राज्यानं २ कोटी झाडांचा संकल्प केला, मग ४ कोटी, १३ कोटी, २०१९ला ३३ कोटी. या आकड्यांपैकी किती रोपं जगली यावर पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण जगली तरी जंगल होणार होतं का, हा वाद फारसा झाला नाही. झाडं ओळीनं उभी करून जंगल होत असतं तर आमच्या सोसायटीचं पार्किंगही जंगल झालं असतं.

वेलींशी वनखात्याचं वैर जुनं आहे, आणि त्यामागं विचार होता, तो समजून घेतला पाहिजे. ब्रिटिशांच्या काळापासून जंगल म्हणजे सरळसोट, गाठी नसलेलं सागाचं लाकूड. वेल खोडाला आवळते, लाकडावर वळ उमटतात, शेंड्यावर पसरून उजेड अडवते, आणि कुपातलं, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यातलं, एक झाड पाडलं की वेलींनी बांधलेली शेजारची दोन त्याच्याबरोबर ओढली जातात. म्हणून वेली तोडणं हे रोपवनातलं आणि कुपातलं नेहमीचं काम ठरलं. लाकूड हेच पीक असेल तर वेल हे तण, हा हिशेब बरोबर आहे. पण सह्याद्रीच्या ज्या रानातून आता कुणी लाकूड काढत नाही, जिथं माती धरून ठेवणं, पाणी मुरवणं आणि रानातल्या माणसांचं पोट भरणं हेच जंगलाचं काम उरलंय, तिथंही तोच हिशेब का चालावा?

यावर एक खरा आक्षेप आहे. फाटलेल्या, कडा मोकळ्या झालेल्या रानात वेली माजतात, आणि वेलींच्या भारानं झाडांची वाढ मंदावते, हे उष्ण प्रदेशांतल्या अनेक जंगलांत दिसून आलेलं आहे. कोवळ्या रोपावर वेल चढली तर ते वाकतंच. तेव्हा एकही वेल तोडू नका असं म्हणणं शहाणपणाचं नाही, आणि ते मी म्हणत नाही. पण ती कुठली वेल आहे, तिला शेंगा धरतात का, तिच्या शेंगा कोण वेचतं, हे विचारून तोडणं निराळं आणि 'वेल दिसली की तोड' हे निराळं. गोंधळ वाढवायला आपली भाषाही मदत करते. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण बांडगूळ म्हणतो आणि झाडावर दिसणारी प्रत्येक गोष्ट त्याच मापानं मोजतो. बांडगूळ झाडात मुळं घुसवून त्याचा रस घेतं, अमरवेलही घेते. शिकेकाईची मुळं तिच्या स्वतःच्या मातीत असतात. झाडाकडून ती फक्त उंची घेते.

मग प्रश्न येतो, की शेंगेचा उपयोग इतका घरगुती, इतका जुना, तरी तिची नोंद का नाही? मला वाटतं, उपयोग घरगुती आहे म्हणूनच नाही. साग मापात जातो, खैराचा कात कारखान्यात जातो, तेंदूपानाचा लिलाव होतो. शिकेकाई गोणपाटात वाळते, आठवडे बाजारात मापट्यानं विकली जाते आणि मोरीत संपते. हा व्यवहार बायकांचा, पावती नसलेला. जिची पावती नाही तिचा रकाना नाही, असा कारभाराचा स्वभावच आहे.

जिथं कारभार पोचला नाही तिथं मात्र वेली टिकल्या. देवराईत गेलं की हे दिसतं. मांडीएवढ्या जाड, पिळदार वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या असतात, कारण तिथं शेकडो वर्षं कुणी कोयता चालवलेला नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांवर जे काम केलं, त्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या देवराईतल्या गारंबीचा उल्लेख येतो. गुरांच्या सर्पदंशावर उपाय म्हणून लांबलांबचे लोक त्या वेलीची साल न्यायला येत. त्या सालीनं गुरं वाचत होती का हा वेगळा प्रश्न. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या वेलीला गावानं ओळखलं होतं. अमुक देवराईतली गारंबी, असा तिला पत्ता होता.

कागदावर आता वेलीचे मालकही ठरलेले आहेत. २००६च्या वनहक्क कायद्यानं लाकूड सोडून वनस्पतींपासून मिळणाऱ्या सगळ्या वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क परंपरेनं ते गोळा करणाऱ्यांना दिला. कायद्यातला शब्द 'गौण वनोपज' असा आहे. गौण कुणाच्या लेखी, ते कायदा सांगत नाही. २०१३-१४पासून केंद्रानं गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, पुढं तिची यादी वाढत ८७ वस्तूंपर्यंत गेली, आणि तीत शिकेकाईच्या वाळल्या शेंगाही आहेत. म्हणजे शेंगेला सरकारी भाव आहे. शेंग धरणाऱ्या वेलीला संरक्षण नाही. दूध हमीभावानं घ्यायचं आणि म्हैस कुणी मारली तर पंचनामाही नाही, असला हा प्रकार.

आणि भाव असूनही मावशींच्या वाडीत शेंगा जातात त्या बाजारच्या व्यापाऱ्याकडेच, तो म्हणेल त्या दरानं. खरेदी केंद्र लांब, माल थोडा, एका घराची दोन गोण्या शिकेकाई घेऊन कोण भाडं भरणार? पाच-पंचवीस घरांचा माल एकत्र केला तर परवडेल, पण एकत्र करायला आधी माहीत हवं, की आपल्या रानात किती वेली आहेत आणि वर्षाला किती शेंग निघते. गाडी पुन्हा मोजणीपाशीच येते.

मोजणी नसण्याचा दुसरा तोटा मावशींनीच सांगितला. पूर्वी वेळूच्या काठीला आकडी बांधून शेंगा झोडपायच्या, खाली गोणपाट अंथरायचं, वर उरतील त्या पाखरांना आणि बियाण्याला. आता बाहेरचे लोक लवकर येतात, अर्ध्या कच्च्या शेंगा ओरबाडतात. "मी थांबले तर मला काय मिळणार? दुसरा नेणारच," असं म्हणून वाडीतलेही तेच करायला लागले. हा लोभ नव्हे. वस्तूची मालकी कागदावर असेल आणि रानात नसेल, तर शहाणा माणूसही घाईच करतो.

बांबूच्या बाबतीत हे बदललेलं आपण पाहिलंय. कायद्यानं बांबूला झाड ठरवून टाकलं होतं, त्यामुळे गावकऱ्यांना तो तोडता-विकता येईना. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा या गावानं सामूहिक वनहक्क, म्हणजे रानावर अख्ख्या गावाचा मिळून हक्क, मिळवला, त्यावर भांडत राहिलं, आणि एप्रिल २०११मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांच्या हस्ते गावाला बांबूच्या वाहतुकीचे परवाने मिळाले. २०१७ साली १९२७च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू हा शब्द काढला गेला. नव्वद वर्षं लागली, पण झालं. बांबूच्या मागं कागद गिरण्यांचा पैसा होता, म्हणून भांडण दिसलं तरी. शिकेकाईसाठी कोण भांडणार? नोंद असलेल्या हिरड्याचीही काय गत झाली ते आठवा. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावकडचे हिरडे पडले, आणि त्याची भरपाई मिळावी म्हणून तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांना मोर्चे काढावे लागले. वेल पडली असती तर अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा, इथपासून सुरुवात.

मला स्वतंत्र 'शिकेकाई अभियान' वगैरे अजिबात नको आहे. त्याचा फलक लागेल, उद्घाटन होईल आणि पहिल्या उन्हाळ्यात रोपं वाळतील. शिवाय ही वेल मोकळ्या माळावर लावून उपयोग नाही. चढायला काही हवं ना? हव्या आहेत त्या गोष्टी फार साध्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. सामूहिक वनहक्काच्या गावांचे जे व्यवस्थापन आराखडे होतात, त्यांत झाडांच्या तक्त्याशेजारी वेलींचा तक्ता असावा. वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलात कुठं काय काम करायचं त्याच्या आराखड्यात, नैसर्गिक रानापुरतं वेली तोडण्याचं सरसकट काम बंद व्हावं, तोडायचीच तर कोणती आणि का ते लिहावं, आणि ग्रामसभेला विचारावं. रोपवाटिकांत शिकेकाईचं बी टाकावं. बी कठीण कवचाचं असतं, गरम पाण्यात भिजवलं की रुजतं, यात अवघड काही नाही. मी एका रोपवाटिकेत चौकशी केली तेव्हा तिथल्या माणसानं रिठा दाखवला आणि म्हणाला, "तेच काम करतं की हे." केसांपुरतं करत असेल.

"वेली आपोआप येतात, त्यांना कशाला जपायचं?" असंही मला सुनावलं गेलंय. आपोआप येतात हे खरं, पण बी टाकणारी जुनी वेल शिल्लक असेल तोवर. कोवळ्या वेलीला झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचून शेंग धरायला वर्षं लागतात, आणि तोडणाऱ्याला तितकी मिनिटंही लागत नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या वाडीनं आपल्या रानाचा आराखडा करायला घेतला. छापील तक्ता आला होता. झाडाचं नाव, घेर, उंची, शेरा. मावशींचा नातू बारावीला आहे, लिहायचं काम त्याच्याकडे. रानातून फिरताना मावशी सारख्या थांबून वर बोट दाखवायच्या आणि तो म्हणायचा, "आजी, हिला जागा नाय यात." चार-पाच वेळा असं झाल्यावर त्यानं शेऱ्याच्या रकान्यात पट्टी ठेवून मधोमध रेघ मारली आणि डाव्या अर्ध्यावर 'येली' असं लिहिलं. मैत्रिणीनं त्या पानाचा फोटो मला पाठवलाय. पहिल्या दिवसाच्या सतरा नोंदी आहेत, त्यांतल्या चौदा शिकेकाईच्या. जांभळावरच्या त्या वेलीपुढं लिहिलंय, 'तोडलेली, बुडातून दोन फुटवे.'